बंद गाडीचा ड्रायव्हर

वरवे बुद्रुकच्या अलीकडे, हायवेला लागून एक पत्र्याची शेड होती. आधी तिच्यात कोंबड्या होत्या, नंतर तिच्यात मी गाड्यांचे फोटो काढले. आता तिथं काय आहे ते मला माहीत नाही. एसटी तिथून जाते तेव्हा मी मुद्दाम पलीकडच्या बाजूला बसतो, आणि तिकडे जागा नसली तर डोळे मिटून घेतो. बायको म्हणते, एवढं काय त्या शेडचं घेऊन बसलात. ती लग्न होऊन आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, त्यामुळे तिला दोष देण्यात अर्थ नाही.

माझा फोटोचा गाळा नसरापुरात होता. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, आणि घरातलं म्हातारं माणूस फार थकलं की घरी जाऊन काढायचा एक फोटो. तो कशासाठी काढून ठेवताहेत हे त्या म्हाताऱ्यासकट सगळ्यांना ठाऊक असायचं. मी तसा चिडका माणूस आहे. फोटोत कुणी हललं, हसलं, मध्येच पदर नीट केला की माझं डोकं फिरायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, ह्याच्यापुढं उभं राहण्यापेक्षा फौजदारापुढं बरं.

दादा माझा थोरला भाऊ. तो माझ्या अगदी उलटा, थंड डोक्याचा. नसरापूर ते वेल्हे सीटवर माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवायचा. आमचं घर पालीच्या वाटेवर, राजगडाच्या खालच्या अंगाला, त्यामुळे रविवारी गडावर जाणारी पुण्याची पोरं, बाजाराच्या दिवशी बायका, कोंबड्या, खताच्या गोण्या, सगळं त्याच्या जिपेतून जायचं. गाडीत चढला की आधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग मागे न बघता म्हणायचा, "सरका, सरका, अजून दोगं बसत्यात." बायका म्हणायच्या, ह्याच्या गाडीत पोटुशी बाईसुद्धा निवांत डुलकी काढते. दादाला ह्याच्याहून मोठी शाबासकी कुणी दिली नाही, आणि त्याला दुसरी नकोच होती.

एकदा भाताच्या लावणीच्या दिवसांत मार्गासनीच्या पुढे त्याची जीप वळणावर वळलीच नाही, सरळ खाचरात गेली. चिखल होता म्हणून माणसं वाचली. दादा स्टिअरिंगवर आखडून पडला होता, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. कुणी त्याला चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, झोप लागली. पण भरल्या जिपेतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला न घेता त्याच्या तोंडावरच सांगितलं, की गोळी एकही चुकवायची नाही आणि गाडीला हात लावायचा नाही. बरीच वर्षं फिट आली नाही, तर मग बघू. दादाने त्यातलं 'मग बघू' तेवढं ऐकलं. येताना एसटीत तो मला म्हणाला, "म्हंजी कायमचं न्हाई बरं का." मी हो म्हणालो.

जीप विकली. दादा घरी बसला. वहिनी त्याला विहिरीकडे जाऊ देईना, चुलीजवळ बसू देईना, उतरणीला लाकडं तोडायला पाठवीना. तो ओट्यावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या वडापच्या गाड्या ऐकायचा. "गियर उशिरा टाकला," म्हणायचा, नाहीतर, "ह्याचं क्लच गेलं आता." वर्षभरात तो इतका बारीक झाला की माझे शर्ट त्याला व्हायला लागले. एक दिवस वहिनीने मला दारात गाठलं. "भावजी, न्या त्यांस्नी तुमच्यासंगं. कायबी काम द्या, झाडू मारू द्या. हितं बसून बसून मानूस वाळायला लागलंय." ती हे सांगताना रडली नाही, पण तिने माझा हात धरला होता. तिने तो त्याआधी कधीच धरला नव्हता.

त्याच सुमारास शेठने मला बोलावलं. शेठचं वरव्याजवळ जुन्या गाड्या घ्यायचं-विकायचं मोठं आवार होतं. हायवे रुंद झाला होता, गाड्या वाढल्या होत्या, मोबाईल लोकांच्या खिशात दिसायला लागले होते, आणि पुण्यातला त्याचा भाचा त्याला सांगत होता की गाड्यांचे फोटो इंटरनेटवर टाकू, गिऱ्हाईक घरबसल्या बघेल. पण आवारात काढलेल्या फोटोंत गाडीमागे कधी उसाचं गुऱ्हाळ यायचं, कधी वाळत घातलेल्या गोधड्या, आणि एका फोटोत तर टायरवर तंगडी वर केलेलं कुत्रं आलं होतं. भाच्याच्या ऑफिसात लोक हसले. शेठला ते लागलं. त्याने कुठल्यातरी रंगीत पुस्तकात दुधात ठेवल्यासारखी एक गाडी पाहिली होती. "मला अशी खोली पाहिजे," तो म्हणाला, "जिला भिंत दिसत नाही आणि जमीन पण दिसत नाही." मी पाहतो म्हणालो. अशी खोली मी आयुष्यात बांधली नव्हती.

ती बांधली चाचांनी. चाचा भोरचे गवंडी, गावातल्या निम्म्या घरांना त्यांचा हात लागलेला. त्यांना मी सांगितलं की शेठच्या त्या कोंबड्यांच्या शेडची मागची भिंत आणि जमीन जिथं मिळतात तिथला कोपरा काढून टाकायचा आहे, भिंत खाली येता येता गोल होऊन जमीन व्हायला पाहिजे, म्हणजे फोटोत रेघ दिसणार नाही. चाचांनी त्या कोपऱ्यावरून हात फिरवला. "सगळी उमर कोपरे काटकोनात आनन्यात गेली," ते म्हणाले, "आन तुमी म्हनता कोपराच नको. मंग भिताडाला भिताड म्हनायचं कशाला?" पण दुसऱ्या दिवशी ते सळ्या वाकवायला लागले. कोंबड्यांची जुनी जाळी तिथंच पडून होती, ती त्यांनी सळ्यांवर ताणली आणि वरून सिमेंट चढवलं. मग घोटाई, मग पॉलिश पेपर, मग डिस्टेंपरचे हात. वर छताखाली लाकडी चौकटीवर मांडवाचं पांढरं कापड ताणून बसवलं आणि कापडाच्या वर ट्यूबलाइटी लावल्या, म्हणजे उजेड कापडातून गाळून गाडीवर उतरेल. शेड हायवेपेक्षा खाली होती, म्हणून दारापासून आत एक उताराचा रॅम्प केला. डिस्टेंपर ढवळायला आणि बादल्या वाहायला दादा होता.

सगळं झाल्यावर आम्ही तिघं आत उभे राहिलो. खरंच भिंत दिसत नव्हती. चाचा हात पुढे करून चालत गेले, बोटं टेकल्यावर थांबले आणि लहान मुलासारखे हसले. कोंबड्यांचा वास मात्र गेला नव्हता. तो पुढेही कधी पुरता गेला नाही, आणि पत्र्याच्या सांदीतून पिसं गळत राहिली. ऐन फोटोच्या वेळी एखादं पीस बॉनेटवर येऊन बसायचं.

पहिली गाडी आत आणली ती गाड्या धुणाऱ्या माणसाने, चालू करून, रुबाबात. पांढऱ्या जमिनीवर टायरचे दोन काळे पट्टे, आणि धुराने कापड काळवंडलं ते वेगळंच. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. चाचांनी मला हाताने थांबवलं. "इंजन बंद ठिवून ढकलत आना की. टायर धुवायचे, ढकलनाऱ्यांनी बुटावर मोजे घालायचे. उतार हायेच. फकस्त येक जन आत बसवा, वळवायला आन बिरेक दाबायला." कोण बसणार, असं मी विचारायच्या आत मागे दार उघडल्याचा आवाज आला. दादा आत बसला होता. त्याने स्टिअरिंगला हात लावला, कपाळाला लावला, आणि आरसा नीट केला.

आरसा! गाडी जाणार होती रॅम्पवरून भिंतीपर्यंत, मागून येणार होतो फक्त आम्ही मोजे घातलेले तिघं. मला हसू आलं. "कुठं निघाली गाडी?" मी ओरडलो. "वेल्ह्याला," तो म्हणाला. "सीट भरली की सुटंल. ढकला."

त्या दिवसापासून ते त्याचं काम झालं. गाडी आत यायची तेव्हा दादा आत बसलेला असायचा, आणि बाहेर रॅम्प चढवताना आम्ही धापा टाकत असू तेव्हाही तोच आत, आम्हाला सूचना देत. गाडी थांबवून तो पुढचं चाक जरासं कॅमेऱ्याकडे वळवायचा, त्याने फोटोत गाडी उभी असूनही निघाल्यासारखी वाटते. नव्या धाटणीच्या गाड्यांचं स्टिअरिंग चावीशिवाय वळत नाही, म्हणून चावी लावून एकच घर फिरवावी लागे. पुढच्या घराला इंजिन सुरू होतं. पहिल्या पहिल्यांदा मी त्याच्या हाताकडे बघत राहायचो. त्याने कधीही ती चावी पुढे फिरवली नाही. नंतर मी बघायचं सोडलं.

शेठला दादाची हकिगत माहीत होती. वाईट माणूस नव्हता तो. एकदा दादा एक लांबलचक गाडी भिंतीपासून वीतभरावर अलगद उभी करताना त्याने पाहिलं आणि म्हणाला, "दादा, डॉक्टरचा कागद आणा फक्त. विकलेल्या गाड्या पुण्याला पोचवायला मला तुमच्यासारखाच माणूस पाहिजे." झालं, दादाच्या डोक्यात तो कागद बसला. जेवताना, बादली धुताना, माझ्या मागे मोटारसायकलवर बसून घरी येताना, तोच विषय. फिट काही आली नव्हती पुन्हा, निदान तो तसं म्हणायचा आणि वहिनीही तसंच म्हणायची. "औंदा दिवाळीला जाऊ डॉक्टरकडं," म्हणायचा. दिवाळी आली की म्हणायचा, "जरा शिमगा होऊ दे." मला वाटायचं, डॉक्टर नाही म्हणतील ह्याची त्याला धास्ती आहे. मी जोर केला नाही. मला त्याला हसताना बघायचं होतं, आणि तो हसत होता, जाडही झाला होता थोडा. मी स्वतःला सांगायचो की इंजिन बंद असतं, मागे माणसं असतात, त्यात काय व्हायचंय.

ती पांढरी खोली बांधणं सोपं होतं, पांढरी ठेवणं महाकठीण. पावसाळ्यात किडे ट्यूबच्या उजेडाला यायचे आणि कापडावर मरून पडायचे. फोटोत प्रत्येक गाडीच्या टपावर त्यांचे ठिपके उमटायचे. हायवेची धूळ दार बंद असलं तरी आत यायची. लाइट गेली की जनरेटर, आणि जनरेटर लावला की ट्यूबा थरथरायच्या. गाडी म्हणजे चारी बाजूंनी आरसा, त्यामुळे दारात माझंच चिडकं तोंड दिसू नये म्हणून मी भोक पाडलेल्या काळ्या चादरीमागे उभा राहून फोटो काढायचो. एका खंडेनवमीला शेठची आई पूजेचं ताट घेऊन आली. सगळ्या गाड्यांना हळदीकुंकू लावलं आणि एवढी मोठी कोरी भिंत मोकळी कशी ठेवायची म्हणून तिच्यावरही दोन्ही हातांनी हळदीचे ठसे उठवले. म्हातारीला काय बोलणार! चाचांनी तीनदा रंग चढवला तरी तिचे पंजे आतून पिवळे डोकावत राहिले. वर्षभर मी त्या जागेवर गाडीचं टप येईल असा अंदाज धरत होतो, आणि दादा गाडी बरोबर तिथंच आणून उभी करायचा.

मग तो दिवस आला. दसरा जवळ आला होता, गाड्यांची गर्दी होती, चाचांनी आदल्याच दिवशी भिंतीला नवा हात दिला होता आणि ते तळाशी बसून बारीक डाग काढत होते. सारोळ्याचा एक माणूस त्याची जीप विकायला घेऊन आला. दादाच्या वयाचा, डोक्याला गमछा, जिपेइतकाच वापरलेला. दादा त्याच्याशी लगेच बोलायला लागला, कुठल्या रूटला असता, माणसं किती बसवता, चढाला तापती का. ते दोघं एकाच गावचे असल्यासारखे बोलत होते. मग दादा आत बसला. जुनी जीप, तिला चावीबिवीचा प्रश्न नव्हता. मी चादरीमागे गेलो. सारोळेकराने स्वतः ढकलायला खांदा लावला.

जीप रॅम्पवर आली आणि नेहमीसारखी उताराला लागली. ढकलणाऱ्यांनी हात सोडले. आता दादा ब्रेक दाबणार, चाक वळवणार आणि म्हणणार, "आलं वेल्हं, उतरा." मला कॅमेऱ्यातून त्याचं तोंड दिसत होतं. ते हळूहळू एका बाजूला वळलं, कुणीतरी हाक मारल्यासारखं, आणि तिकडेच राहिलं. त्याचा हात वर गेला आणि आखडला. जीप थांबली नाही. मी "चाचा" असं ओरडलो. चाचा बादलीसकट बाजूला पडले आणि जीप भिंतीच्या गोलाईवर चढली. प्लास्टर फुटल्याचा आवाज सगळ्या पत्र्यात घुमला. मग ती तशीच मागे घसरून उभी राहिली.

दारापाशी पहिले पोचले ते चाचा. कोपर फुटलेलं, अंगावर डिस्टेंपर सांडलेलं, आणि त्यांनी ते दार स्वतःच्या अंगाने झाकलं. मी पोचलो तेव्हा ते दादाचं तोंड खांद्यावरच्या पंच्याने पुसत होते आणि मागे वळून ओरडत होते, "बिरेक फेल! बिरेक लागला न्हाई!" माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. मला समजलं. मागच्यांनी विचारलं तेव्हा मीही तेच म्हणालो, ब्रेक लागला नाही. आम्ही दोघांनी त्याला धरून बाहेर बाकड्यावर आणलं. तो डोळे उघडे ठेवून होता पण कुणाला ओळखत नव्हता. घाबरलाय, आम्ही सांगितलं. पाणी आणा.

शेठ धावत आला. फुटलेली भिंत पाहिली, चाचांचं रक्त पाहिलं, आणि सारोळ्याच्या माणसावर तुटून पडला. असली गाडी न सांगता आणतोस? माणूस भिंतीला चिरडला असता म्हणजे? ही गाडी माझ्या आवारात नको, आणि हायवेवर कुणीही घेणार नाही, मी बघतो. त्या माणसाने डोक्याचा गमछा काढला. मग म्हणाला, "शेठ, काल म्या म्हाडला जाऊन आलोय. वरंध घाट उतरलोय ह्याच बिरेकवर. बिरेक चांगला हाय."

"मग ही भिंत कुणी फोडली?"

"मला न्हाई म्हाईत. पन बिरेक चांगला हाय." त्याचा आवाज चिरकला. "शेठ, गाडी नका घेऊ तुमी. पन असं नका बोलू. सकाळ-संध्याकाळ साळंची पोरं न्हेतो म्या हिच्यात. उद्या गावात म्हनतील, ह्यो बिरेक नसलेल्या गाडीत आमची पोरं घालून फिरत हुता. कुनाच्या दारात उभा ऱ्हाऊ म्या?"

चाचांनी मान खाली घातली. मी कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत उभा होतो. शेठने आवारातल्या मेकॅनिकला हाक मारली, ब्रेक बघ म्हणून. मेकॅनिक चाकाखाली शिरला. आम्ही रोज एकत्र चहा पिणारी माणसं, त्यालाही दादा प्यारा होता. तो बराच वेळ खाली राहिला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "लागतोय कधी, कधी न्हाई लागत." म्हणजे आता आम्ही तिघं झालो. सारोळ्याचा माणूस मटकन खाली बसला.

दादा तोवर भानावर येत होता. त्याने पाण्याचा गडू मागितला, तोंड धुतलं. हनुवटीला पांढरा रंग लागला होता तो निघाला नाही. कोण काय बोलतंय ते तो बसून ऐकत होता. खाली बसलेल्या त्या माणसाकडे तो खूप वेळ बघत राहिला, आणि मला त्या बघण्याची भीती वाटली. मी पुढे होऊन म्हणालो, "दादा, चल, घरी जाऊ." त्याने माझा हात बाजूला केला आणि बाकड्याला धरून उभा राहिला.

"शेठ, बिरेक चांगला हाय," तो म्हणाला. "म्या दाबलाच न्हाई. मला फिट आली."

शेठ जवळ आला आणि हळू म्हणाला, "असू दे, दादा. इतक्या वर्षांत एकदाच तर आली."

शेठने त्याला वाट काढून दिली होती. मनातल्या मनात मी म्हणालो, दादा, हो म्हण. हो म्हण, अजून वेळ गेलेली नाही.

"न्हाई," दादा म्हणाला. "म्हैन्याला येती. कवा दोनदा. गोळी घेऊनबी येती. घरात आली म्हून कुनाला दिसली न्हाई." मग तो सारोळ्याच्या माणसाकडे गेला आणि त्याच्यापुढे उकिडवा बसला. "पाव्हनं, तुमची गाडी चांगली हाय. कुनी इचारलं तर माझं नाव सांगा. मला समदं खोरं वळखतं."

त्या माणसाने त्याचे दोन्ही हात धरले. ड्रायव्हरच तो, दादाने आत्ता काय टाकून दिलं ते आमच्याइतकंच त्यालाही कळलं होतं. "कशाला सांगितलं वो," तो म्हणत राहिला, "कशाला सांगितलं." त्याची गाडी वाचली होती, नाव वाचलं होतं, तरी तो रडत होता. शेठने तिथल्या तिथं त्याची माफी मागितली आणि जीप घेतो म्हणाला. चाचा शेडमध्ये गेले आणि फुटलेल्या भिंतीचे तुकडे घमेल्यात भरायला लागले. काही न करता उभं राहवत नव्हतं त्यांना. शेठ जाताना दादाला म्हणाला, उद्यापासून रंगाकडे बघा, गाड्या धुवायला माणूस कमी आहे तिकडे बघा, तुमचं काम कुठं जात नाही. दादा म्हणाला, "बघू."

मला त्याचा राग आला होता. हे मी लपवणार नाही. आम्ही सगळे त्याच्यासाठी खोटं बोललो, आणि त्याने एका अनोळखी माणसासाठी सगळं उधळून दिलं. मोटारसायकलला किक मारताना मी म्हणालो, "तुला काय गरज होती? शेठने सांभाळून घेतलं होतं." तो मागे बसला आणि म्हणाला, "तुला न्हाई कळायचं. तू कवा मानसं वाहिली न्हाईस." त्यात टोमणा नव्हता. त्याला जे वाटत होतं ते त्याने सांगितलं, आणि मार्गासनी येईपर्यंत माझा राग कुठच्या कुठे गेला होता. माझा भाऊ आता पुन्हा कधीही गाडीत पुढे बसणार नव्हता.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनी भाकरी थापत होती. दादा उंबऱ्याशी टेकला, पायातल्या चपला काढल्या आणि म्हणाला, "उद्यापास्नं डबा येकच भर. भावजींचा."

वहिनीचे हात परातीत थांबले. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "कळलं का समद्यांस्नी?" ती म्हणाली.

"म्याच सांगितलं."

एवढी वर्षं ती बाई फिटच्या वेळी दार लावून घेत होती. त्याच्या दातांत पदराचा बोळा देत होती, चावलेली जीभ, उशीवरचं रक्त धूत होती, आणि शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून तोंड दाबून बसत होती. आम्हाला म्हणायची, न्हाई, आता न्हाई येत. कागद यावा, त्याने गाडी चालवावी, एवढ्यासाठी. हे मला त्या क्षणी कळलं, तिचे पिठाचे हात बघून. ती मोठ्याने रडायला लागली. मी तिला तसं रडताना कधी ऐकलं नव्हतं. ती गळा काढून, छाती पिटून, घरातून कुणी गेल्यावर बायका रडतात तशी रडत होती. आळीतल्या बायका हातातलं टाकून धावत आल्या. अंगणात गर्दी झाली, कुणी गेलं, कोण गेलं, विचारायला लागल्या.

दादा उठला आणि दारात जाऊन उभा राहिला.

"कुनी मेलं न्हाई गं बायांनो," तो म्हणाला. "माझी डायवरकी गेली, म्हून रडतीया."